पाच टन फराळ आणि हातात बारा हजार

इंदूरमध्ये शेव-नमकीनला तोटा नाही. पण भाजणीची चकली, कडबोळी, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा हवा असला की रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातली मराठी माणसं ठरलेल्या दोन-चार घरांकडेच वळतात. त्यातल्याच एका घराचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि आकडे गोल केले आहेत. हिशेबाची मांडणी मात्र त्यांच्याच वहीतली आहे.

उद्योग सासूबाईंनी सुरू केला, आता सूनबाई चालवतात. त्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, इथंही तेच म्हणेन. त्यांचे यजमान नोकरी सांभाळून माल पोचवणं आणि जीएसटीचं काम बघतात. २०२३-२४ या वर्षात विक्री ५२ लाखांची झाली होती. वर्षभर चार बायका कामाला, नवरात्रानंतर बारा. एकट्या दिवाळीची विक्री १४ लाख.

या धंद्याची एक गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दिवाळीची नोंदणी घटस्थापनेपासून सुरू होते आणि नोंदवतानाच गिऱ्हाईक निम्मे पैसे देतं. त्या पैशांतून सियागंजच्या घाऊक बाजारातून बेसन, पोहे, साखर, तेल येतं. उरलेले पैसे डबा हातात घेताना मिळतात, हल्ली बहुतेक मोबाइलवरूनच. म्हणजे १४ लाखांची उलाढाल करायला वहिनींना स्वतःचे फार तर लाख-दीड लाख घालावे लागत. खेळतं भांडवल गिऱ्हाईकच पुरवत होतं. घरात कोणी त्याला भांडवल म्हणत नव्हतं, सासूबाईंच्या तोंडी ते ‘बयाणा’ होतं, आणि ते आपोआप मिळत असल्यामुळे त्याची किंमत कुणी मोजलीही नव्हती.

जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या किराणा साखळीच्या खरेदी विभागातून फोन आला. इंदूर, उज्जैन आणि भोपाळच्या दुकानांत दिवाळीसाठी ‘मराठी फराळ’ ठेवायचा होता. चकली, चिवडा, शंकरपाळी, शेव मिळून ५,००० किलो. भाव सरासरी ३०० रुपये किलो, वर १२ टक्के जीएसटी. पंधरा लाखांचं काम, एका फोनवर, आणि तेही वर्षभरातल्या एकूण विक्रीच्या पाव हिश्श्याहून मोठं. घरात आनंद झाला, आणि तो होणारच. पंधरा वर्षं घराच्या ओट्यावरून विकलेला माल काचेच्या दुकानात लागणार होता.

वहिनींनी खर्च काढला तो काळजीपूर्वक काढला. कच्चा माल किलोला १५० रुपये, मजुरी ५५, पाकीट आणि लेबल २२, गॅस आणि वीज १३, पोचवणं ५. एकूण २४५. किलोमागे ५५ रुपये सुटतात, पाच हजार किलोला पावणेतीन लाख. घरच्या गिऱ्हाईकाला हाच माल ४२० रुपयांनी जातो, त्या मानाने नफा कमी, पण एकगठ्ठा. मी हा कागद नंतर पाहिला. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. त्यात एक रकाना मात्र नव्हता, दिवसांचा.

खरेदीचा करार तीन पानी होता. पहिल्या पानावर भाव आणि वजनं. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात तीन अटी होत्या. माल स्वीकारल्यापासून ६० दिवसांनी पैसे. न विकलेला माल १० टक्क्यांपर्यंत परत. आणि मांडणीच्या खर्चापोटी बिलातून २ टक्के कपात. तिन्ही अटी वाचल्या गेल्या होत्या. ‘मोठ्या लोकांचं असंच असतं’ असं म्हणून पुढे सरकण्यात आलं.

पैसा उभा करायला सप्टेंबर उजाडला. बचतीतले ४ लाख काढले. सासूबाईंच्या पाटल्या, तोडे आणि गोठ मिळून बारा तोळे सोनं तारण ठेवून १५ सप्टेंबरला ६ लाख उचलले, व्याज महिना १ टक्का. सियागंजच्या व्यापाऱ्याकडे एरवी पंधरा दिवसांची उधारी चालायची. या वेळी अडीच लाखांचा माल उचलला तेव्हा तो म्हणाला, ‘भाभीजी, दिवाली बाद दे देना, बस डेढ टका लग जाएगा.’ दीड टक्का महिन्याचा, आणि उचलल्या दिवसापासून. एकूण साडेबारा लाख जमले.

नेमकं त्याच सुमारास तेल चढलं. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या सोया, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, शुद्ध तेलावरचं साडेबारावरून साडेबत्तीस. कारण समजण्यासारखं होतं. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल ठरला होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी मिळत होतं. माळव्यात सोयाबीनवर किती घरं चालतात हे इंदूरकराला वेगळं सांगायला नको. पण कढईपुढे बसलेल्याला झळ लागली ती लागलीच. वहिनींच्या बिलांत पंधरा किलोचा सोया रिफाइंडचा डबा जुलैत १,६०० रुपयांना आहे आणि ऑक्टोबरमध्ये २,००० ला. साखळीबरोबरचा भाव मात्र बांधलेला होता.

माल तीन खेपांत गेला: ५ ऑक्टोबरला १,५०० किलो, १२ तारखेला २,०००, २० तारखेला १,५००. वजनात, चवीत, पाकिटात कुठंही तक्रार नाही. दिवाळी झाली. २० नोव्हेंबरला ऑक्टोबरचा जीएसटी भरायची वेळ आली. बिलावरचा कर १ लाख ८० हजार, खरेदीवर आधीच भरलेल्या कराचं क्रेडिट वजा जाता सव्वा लाख. साखळीकडून अजून एक रुपया आलेला नव्हता, तरी कर भरावाच लागतो, कारण जीएसटी बिलावर लागतो, वसुलीवर नाही. तो घरच्या विक्रीच्या गल्ल्यातून भरला. त्या दिवशी या एका ऑर्डरमध्ये सियागंजची उधारी धरून अडकलेला पैसा १३ लाख ८० हजार होता आणि आत आलेला शून्य.

पहिल्या खेपेचे पैसे जानेवारीच्या मध्यात आले, त्यातून सियागंजचं देणं फिटलं. बाकीचे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, परतीच्या मालाचा मेळ बसल्यावर. मधल्या काळात फोनवर दर वेळी नवा माणूस आणि नवं कारण. सासूबाईंनी संक्रांतीला विचारलं, ‘एवढा माल गेला, सगळा खपला म्हणता, मग माझ्या पाटल्या अजून तारणात का?’ त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून वही माझ्यापुढे आली.

घरातल्या सगळ्यांचं मत एकच होतं: तेलाने मारलं. म्हणून मी तेलापासूनच सुरुवात केली. एक किलो फराळात सरासरी २४० ग्रॅम तेल जातं. चकली जास्त पिते, चिवडा कमी. पाच हजार किलोला १,२०० किलो, म्हणजे ८० डबे. डब्यामागे ४०० रुपये वाढ धरली तर ३२,००० रुपये. पावणेतीन लाखांतून ३२ हजार गेले तर दुखतं, पण माणूस मरत नाही. उरलेले कुठे गेले?

मांडणीची २ टक्के कपात, परत आलेला माल सोडून १३ लाख ८० हजारांवर: २७,६०० रुपये. परत आलेला माल ४०० किलो. त्याचं बिल १ लाख २० हजारांचं होतं. पाकिटावर पंचेचाळीस दिवसांची मुदत छापलेली आणि माल परत आला नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. पाकिटं फोडून, वास-चव बघून २५० किलो १६० रुपयांनी खपवला, बाकी टाकून द्यावा लागला. निव्वळ नुकसान ८०,०००. व्याज: सोन्यावर साडेपाच महिन्यांचे ३३,०००, व्यापाऱ्याचे चार महिन्यांचे १५,०००, मिळून ४८,०००. स्वतःच्या चार लाखांवर व्याज धरलेलंच नाही.

यापुढचा आकडा कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. ऑर्डर येईपर्यंत हे घर जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत होतं. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या उत्पादकाला त्यात विक्रीच्या १ टक्का कर भरून मोकळं होता येतं. पण कंपोझिशनवाल्याला बिलात वेगळा कर लावता येत नाही आणि घेणाऱ्याला क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे साखळीने नियमित करदाता व्हायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये योजना सोडली. सोडणं वर्षाच्या मध्यात कधीही जमतं, परत जायला मात्र पुढचं आर्थिक वर्ष लागतं. म्हणजे ओट्यावरून विकलेल्या प्रत्येक किलोवर मार्चअखेरपर्यंत नियमित दराने कर. घरच्या गिऱ्हाईकांना भाव वाढवायला वहिनींना जड गेलं, त्यामुळे तो कर त्यांच्याच पदरातून गेला. क्रेडिट वजा जाता, १ टक्क्याच्या हिशेबापेक्षा हे ७५,००० रुपये जास्त झाले. साखळीच्या एका ऑर्डरने घरच्या विक्रीवरचाही नफा खाल्ला तो असा.

सगळं वजा केल्यावर पावणेतीन लाखांचे १२,४०० रुपये उरले. पाच टन फराळ, बारा बायका, सव्वा महिना रात्री अकरापर्यंत पेटलेल्या शेगड्या, आणि किलोमागे अडीच रुपये.

तरीही सर्वात मोठं नुकसान या यादीत नाही. २०२३ च्या दिवाळीत घरची विक्री १४ लाख होती, २०२४ मध्ये ती ९ लाखांवर आली. सोऱ्या तेवढेच, हात तेवढेच, कढया तेवढ्याच. ऑक्टोबरचे पहिले वीस दिवस सगळं साखळीच्या मालात अडकलेलं. कडबोळी केलीच नाहीत. अनारशाचं पीठ भिजवायला जागा नव्हती. अमेरिकेत मुलाकडे पार्सल पाठवणाऱ्या, दर वर्षी नवरात्राच्या पहिल्या दिवशी निम्मे पैसे देऊन जाणाऱ्या बायकांना ‘या वेळी जमणार नाही’ म्हणावं लागलं. घरच्या विक्रीत शेकडा ३० सुटतात. पाच लाखांवर दीड लाख. तेलाच्या जवळजवळ पाचपट. आणि त्या बायका पुढच्या वर्षी परत येतील याची खात्री नाही, कारण त्यांना दुसरं घर सापडलं असेल.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. चकली तीच, कढई तीच, पण धंदा बदलला होता. ओट्यावर गिऱ्हाईक वहिनींना आगाऊ पैसे देत होतं. साखळीच्या बाबतीत वहिनी साखळीला साडेबारा लाख वापरायला देत होत्या, त्यातले साडेआठ स्वतः व्याजाने काढून. पंधरा लाखांची ऑर्डर मिळाली असं घरात सगळे म्हणत होते. कर्ज देण्याची ऑर्डर मिळाली आहे असं कुणी म्हटलं असतं तर भाव वेगळा ठरला असता. साडेआठ लाखांवर दोन्ही व्याज मिळून महिना ९,७५० रुपये, म्हणजे वाट पाहण्याचा एकेक दिवस सव्वातीनशे रुपयांना पडत होता. हा आकडा जुलैत, सोनं तारण ठेवण्याच्या आधी, पाच मिनिटांत काढता आला असता. किलोचा खर्च पै-पैशापर्यंत काढणारी माणसं दिवसांचा खर्च काढत नाहीत, कारण भाज्या-किराण्यासारखं त्याचं बिल कुणी आणून देत नाही.

साखळीने काही फसवलं असं मी म्हणणार नाही. परतीची अट, कपात, सगळं कागदावर होतं. एक गोष्ट मात्र कायद्यात बसणारी नव्हती. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला पैसे देण्याची मुदत लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. म्हणजे ६० दिवसांची अट मुळातच लंगडी. पहिल्या खेपेचे पैसे १९ नोव्हेंबरपर्यंत, शेवटच्या खेपेचे ४ डिसेंबरपर्यंत यायला हवे होते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ धरून व्याज देणं लागतं. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, तिप्पट म्हणजे २०.२५. शिवाय एप्रिल २०२४ पासून तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम ४३ब(एच) लागू झालं होतं: या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा करता येतो. मार्चअखेर जवळ आला की अडकलेली बिलं अचानक सुटू लागतात, त्यामागे बहुधा हेच असतं. हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसता खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

वहिनींकडे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, होती. २०२२ मध्ये मुद्रा कर्जासाठी काढलेली, आधारवरून, फुकट. पण ती फाइलमध्येच राहिली. बिलावर नंबर नाही, पत्रावर नाही. साखळीच्या हिशेब विभागातल्या मुलाला हा पुरवठादार सूक्ष्म उद्योगात मोडतो हे कळणार कुठून? बिलाच्या कोपऱ्यात एक ओळ छापली असती तर पैसे ठरल्या दिवशी आलेच असते असं नाही, पण फोनवर मागायला पायाखाली जमीन राहिली असती. विलंबाच्या व्याजाचा दावा करायचा तर तेव्हा थकलेल्या बिलांच्या तक्रारी घेणारं सरकारी समाधान पोर्टल आणि राज्याची सुविधा परिषद होती. हिशेबाने साठ हजारांच्या आसपास मागता आले असते. घराने दावा केला नाही. पुढे याच साखळीशी बोलायचं होतं आणि मला तो निर्णय पटला.

जुलै २०२५ मध्ये साखळीचा फोन परत आला, या वेळी ६,००० किलोसाठी. यजमानांचं मन तयार होतं. वहिनींनी आधी वहीत ऑक्टोबरचे दिवस आखले, घरच्या नोंदणीला किती कढया आणि किती हात लागतील ते लिहिलं, आणि उरलं तेवढंच विकायचं ठरवलं. ते १,५०० किलो निघालं. तेही फक्त चिवडा आणि शंकरपाळी, कारण त्यांना सोऱ्यावरचा सरावलेला हात लागत नाही आणि माल जास्त टिकतो. चकली साखळीला द्यायचीच नाही.

अटी त्यांनी स्वतः लिहून पाठवल्या. माल परत घेणार नाही. तेलाचा डबा ठरल्या भावाच्या ५ टक्क्यांहून जास्त हलला तर किलोचा भाव त्या प्रमाणात बदलेल, चढला तरी आणि उतरला तरी. ४० टक्के आगाऊ. भाव ३३५. उद्यम नंबर करारावर आणि प्रत्येक बिलावर.

आगाऊ रकमेला साखळीने साफ नकार दिला. दोन आठवडे कुणी कुणाला फोन केला नाही. मग वेगळा तोडगा निघाला: पाचशे-पाचशे किलोच्या तीन खेपा, मागच्या खेपेचे पैसे खात्यात आल्याशिवाय पुढची निघणार नाही. भाव ३२८ वर तुटला. मला हा तोडगा ४० टक्के आगाऊपेक्षाही चांगला वाटतो, कारण कोणत्याही क्षणी अडकू शकणारा पैसा पाचशे किलोच्या मालापुरताच राहतो, आणि साखळीलाही तिजोरी उघडून अनोळखी माणसाला पैसे द्यावे लागत नाहीत.

कंपोझिशनमध्ये परत जायचा प्रश्न होता. साखळी ठेवायची तर ते शक्य नव्हतं. म्हणून एप्रिलपासूनच घरचे भाव किलोला वीस रुपयांनी वाढवले होते. दोन-तीन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी विचारलंही नाही. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी घटस्थापना होती, त्यामुळे नोंदणीच्या पहिल्या दिवशी वहिनींचे यजमान सकाळभर पाकिटांवरच्या किमती बदलत बसले होते.

घरची नोंदणी साडेबारा लाखांवर गेली, निम्मे पैसे आगाऊ. २०२३ ची पातळी अजून गाठलेली नाही. साखळीच्या पहिल्या दोन खेपांचे पैसे आठवड्या-दहा दिवसांत आले, कारण पुढचा माल त्यांनाच हवा होता. तिसऱ्या खेपेनंतर हातात अडवायला काही नव्हतं, आणि ते पैसे बेचाळिसाव्या दिवशी आले. सोनं तारण ठेवावं लागलं नाही. खर्च किलोला २६४ पडला, सुटले ६४ रुपये, दीड टनावर ९६,०००.

यजमानांचं म्हणणं आहे की २०२६ मध्ये अडीच टन घ्यावं, पाच खेपांत. वहिनींनी नाही म्हटलेलं नाही. दोन खेपांच्या मध्ये दहा दिवस धरले तर पहिली खेप कोणत्या तारखेला निघायला हवी आणि तेव्हा घरच्या नोंदणीचा बयाणा आलेला असेल का, एवढं वहीत लिहून दाखवा, मग बोलू, असं त्यांनी सांगितलं आहे.